बोलण्यातले न सांगितलेले नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलायला कसले आलेत नियम?

बीडच्या बसस्थानकावर कुणी टपरीवाल्याला विचारतं, "लातूरची गाडी गेली का ओ?" टपरीवाला म्हणतो, "अंबाजोगाईची लागलीय बघा." प्रश्न हो-नाहीचा होता. उत्तरात हो नाही, नाही पण नाही, लातूरचं नावसुद्धा नाही. तरी विचारणारा पिशवी उचलतो आणि अंबाजोगाईच्या गाडीकडे पळतो.

तेवढ्या क्षणात त्याच्या डोक्यात काय झालं ते सावकाश मांडून बघा. हा माणूस माझ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय, भलतंच काही सांगायचं त्याला कारण नाही. लातूरचा रस्ता केज-अंबाजोगाईवरूनच जातो, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. थेट गाडी उभी असती तर त्याने तीच दाखवली असती. म्हणजे थेट गाडी गेली, नाहीतर इतक्यात येणार नाही. अंबाजोगाईपर्यंत या गाडीने जावं, पुढे दुसरी धरावी. यातलं एक वाक्यही टपरीवाला बोललेला नाही.

हा सगळा डोलारा एकाच खांबावर उभा आहे: समोरचा बोलण्यात मला साथ देतोय, हे ऐकणाऱ्याने धरलेलं गृहीत. ते काढून घ्या, टपरीवाल्याचं उत्तर येड्यासारखं वाटेल.

हे कुणी मांडलं?

पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञाने. जन्म १९१३, मृत्यू १९८८. ऑक्सफर्डला शिकवलं, पुढे अमेरिकेत बर्कलीला गेला. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात त्याने व्याख्यानं दिली. त्यातलं तर्क आणि संभाषण यांच्यावरचं व्याख्यान १९७५ मध्ये छापून आलं, आणि सगळी व्याख्यानं पुस्तकात यायला १९८९ उजाडलं, म्हणजे तो गेल्यानंतर. मूळ कल्पनेला त्याने सहकार्याचं तत्त्व म्हटलं आणि त्याखाली नियमांचे चार गट पाडले. गटांची नावं कांट या जर्मन तत्त्वज्ञाच्या यादीवरून घेतली: परिमाण, गुण, संबंध आणि रीत. 'गुण' म्हणजे इथे खरेपणा, म्हणून आम्ही खाली 'खरेपणा'च म्हणतो.

ते चार नियम उदाहरणासह सांगाल का?

परिमाण म्हणजे लागतं तेवढं सांगणं, कमी नाही आणि जास्तही नाही. मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, अडत्याने (दलालाने) विचारलं, "किती कट्टे आणलेत?" शेतकरी म्हणाला, "तीस." आता टेम्पोत पन्नास कट्टे (पोती) असतील तरी 'तीस आणले' हे निव्वळ तर्काने खोटं ठरत नाही, पन्नासात तीस आलेच. पण असं कुणी ऐकत नाही. 'तीस' म्हणजे 'तीसच' असं ऐकू येतं, कारण जास्त असते तर जास्त सांगितले असते.

खरेपणा: जे खोटं वाटतं ते बोलू नये, आणि ज्याला आधार नाही तेही बोलू नये. दुसरा भाग लोक विसरतात. "उद्या मोंढा बंद हाय" असं कुणी ठामपणे म्हटलं तर आपण धरून चालतो की याला कुठूनतरी पक्कं कळलंय.

संबंध: विषयाला धरून बोलावं. ग्राइसने यावर एवढं एकच वाक्य लिहिलं आणि ते वाटतं तितकं सोपं नाही हेही कबूल केलं. बसस्थानकाचं उदाहरण याच नियमाचं.

रीत म्हणजे काय बोललं यापेक्षा कसं बोललं. मोघम नको, दोन अर्थ निघायला नकोत, पाल्हाळ नको, आणि क्रम नीट हवा. क्रमाचं महत्त्व शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. "औषध फवारलं आन् पाऊस आला" आणि "पाऊस आला आन् औषध फवारलं" या दोन वाक्यांत शब्द तेच आहेत. 'आन्' मध्ये वेळेचा काही अर्थ नाही. पण पहिलं वाक्य ऐकून लोक हळहळतात आणि दुसरं ऐकून मान हलवतात.

म्हणजे ही चांगलं बोलण्याची शिकवण आहे का?

नाही, आणि सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. 'मोजकं बोला, खरं बोला' असे सुविचार शाळेच्या फळ्यावर असतात, ते वेगळं. ग्राइस सांगतो ते हे की ऐकणारा कशाच्या आधारावर अर्थ लावतो. बोलणारा नियम पाळतोय असं धरल्यावर जी फट राहते, ती भरून काढताना न बोललेला अर्थ तयार होतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हे चार नियम उपदेश म्हणून पाठ करून घेतात, त्याने फायदा फारसा होत नाही.

पण लोक हे नियम सर्रास मोडतात. मग अर्थ कसा लागतो?

मोडण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. त्यातला एक तर मुद्दाम दिसावा म्हणूनच मोडलेला असतो, आणि मजा त्यातच आहे.

सोयरिकीच्या चौकशीत मुलाच्या गावातल्या ओळखीच्या माणसाला फोन जातो. "पावनं, पोरगं कसं हाय?" उत्तर येतं, "दिसायला बरंय. कपडे एकदम टापटीप. घरात टीव्ही, फ्रिज, समदं हाय." कामधंद्याबद्दल अवाक्षर नाही, सवयींबद्दल नाही. सांगणाऱ्याला माहीत आहे, विचारणाऱ्यालाही माहीत आहे की त्याला माहीत आहे. निंदेचा एक शब्द न उच्चारता स्थळ मोडलं, आणि उद्या कुणी जाब विचारला तर "मी तर चांगलंच सांगितलं होतं." ग्राइसचं स्वतःचं प्रसिद्ध उदाहरण अगदी याच जातीचं: तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी शिफारसपत्र, आणि त्यात एवढंच की उमेदवाराचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित येतो.

गुपचूप मोडणं वेगळं. तिथे समोरच्याला कळू नये हाच हेतू असतो, ती फसवणूक. तिसरा प्रकार, खेळातून उघड बाहेर पडणं: "ते माझ्या तोंडून नको वदवू." आणि चौथा, दोन नियमांची ओढाताण. "मामा कुठं राहत्येत पुण्यात?" "तिकडंच कुठंतरी, हडपसरकडं." उत्तर अपुरं आहे, पण जास्त सांगायला गेलं तर आधार नसलेलं बोलावं लागेल. ऐकणारा यावरून बरोबर ओळखतो की याला नेमका पत्ता माहीत नाही.

बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात, तेही यात येतं का?

येतं. गिऱ्हाईक आणि विकणारा रुमालाखाली किंवा उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात. आकडा तोंडाने निघत नाही. दोघांमध्ये परिमाणाचा नियम पुरा पाळला जातो, भोवती उभ्या असलेल्यांसाठी तो जाहीरपणे बंद असतो. आणि कुणी रागावत नाही, कारण रुमाल सगळ्यांना दिसतोय. लपवणं उघड असलं की ती फसवणूक राहत नाही.

'बरं', 'थोडं', 'काही' यांचा अर्थ इतका बदलतो कसा?

हे शब्द एका उतरंडीत बसलेले असतात. 'काही' च्या वर 'बरेच', त्याच्या वर 'सगळे'. खालचा शब्द वापरला की वरचा लागू नाही असं ऐकू येतं. "काही पोरं पास झाली" म्हणजे सगळी झाली नाहीत.

पिकाची उतरंड अशी: 'बरंय', 'चांगलंय', 'लई जोरात हाय'. "सोयाबीन कसंय?" "बरंय." हे उत्तर निराशेचं नाही आणि आनंदाचंही नाही, चांगलं म्हणण्याइतकं नाही एवढंच त्यातून निघतं. "हाय म्हणायला" हे मात्र 'बरं' च्याही खाली. "पाऊस हाय का तिकडं?" "हाय म्हणायला" याचा अर्थ ढेकूळसुद्धा भिजलं नाही.

एक सावधगिरी. पीक खरंच जोरात असलं तरी बरेच जण 'बरंय' वरच थांबतात. दृष्ट लागू नये, उसनं मागायला कुणी येऊ नये, बढाई वाटू नये, कारणं तीनही असतात. म्हणून पिकाच्या बाबतीत 'बरंय' वरून 'चांगलं नाही' असा निष्कर्ष काढला तर तो निम्म्या वेळा चुकेल. एकरी किती कट्टे होतील, असं आकड्यात विचारलं की उतरंड बाजूला पडते.

एखादा अर्थ शब्दातच आहे की फक्त सुचवलेला, हे कसं ओळखायचं?

तो अर्थ पुढच्याच वाक्यात रद्द करून बघा. "काही पोरं पास झाली, खरं तर सगळीच झाली." चाललं. म्हणजे 'सगळी नाहीत' हा अर्थ सुचवलेला होता. आता "सगळी पोरं पास झाली, खरं तर काही नापास झाली" म्हणून बघा. हे सरळ उलटसुलट बोलणं झालं, कारण 'सगळी' चा अर्थ शब्दातच आहे.

दुसरी कसोटी, शब्द बदलून बघणं. 'लागलीय' ऐवजी 'उभी हाय' म्हटलं तरी बसस्थानकावरचा अर्थ हलत नाही. उलट काही अर्थ एखाद्या शब्दालाच चिकटलेले असतात. "तालुक्याचा आहे, पण इंग्रजी चांगलं बोलतो." यातलं 'पण' काढून 'आणि' घाला, टोमणा गेला. माहिती तीच राहिली. असा 'पण' नंतर रद्दही करता येत नाही. मुलाखतीत किंवा सत्काराच्या भाषणात हा 'पण' बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही, ऐकणारा घरी घेऊन जातो.

'म्हणे' हा शब्द सारखा का येतो?

खरेपणाचा नियम सांभाळायला मराठीने दिलेली ही फार सोयीची खूण आहे. "रेट वाढणार हाय म्हणे" म्हणजे हे माझं नाही, ऐकीव आहे, माझ्यावर हवाला ठेवू नका. अशा खुणा आणखीही आहेत: 'असं दिसतंय' (डोळ्यांनी पाहून काढलेला अंदाज), 'वाटतं' (नुसतं मत), 'ऐकलंय'.

बिघडतं ते दुसऱ्या हाताला गेल्यावर. पहिला म्हणतो "सरकी महागणार म्हणे" (सरकी म्हणजे कापसाचं बी). दुसरा गावात सांगतो "सरकी महागणार". तिसरा व्हॉट्सअॅपवर टाकतो "सरकी महागली". आधी 'म्हणे' गळून पडला, मग काळ बदलला. कापूस ठेवायचा की विकायचा असा निर्णय अशा बातमीवर घेणार असाल तर सांगणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा: कुणी सांगितलं, आणि त्याने स्वतः पट्टी बघितली का. पट्टी म्हणजे अडत्याने दिलेला हिशेबाचा कागद. त्यावर तारीख आणि भाव दोन्ही असतात.

मराठवाड्यात 'नाही' सरळ का म्हणत नाहीत?

म्हणतात, पण जवळच्या माणसाला. पाहुण्याला, वडीलधाऱ्याला, सोयऱ्याला तोंडावर 'नाही' म्हटलं तर त्याचा मान जातो, आणि त्याच्यासमोर तसं म्हणावं लागलं म्हणून आपलाही जातो. मग 'नाही' वेगळ्या कपड्यात येतं. 'बघू.' 'कळवतो.' 'घरी विचारून सांगतो.' 'करू की, त्यात काय.'

यातलं प्रत्येक वाक्य कधीकधी खरंही असतं. माणूस खरोखर घरी विचारणार असतो. फरक ओळखायचा तर उत्तरात काय नाही ते बघावं. होकार द्यायचा असलेला माणूस, न विचारता, एक तरी पकडता येईल अशी गोष्ट देतो: वार, माणसाचं नाव, रक्कम किंवा अट. "सोयाबीन गेलं की बघू" यात अट आहे, ती पुरी होईल तो दिवस आहे, त्या दिवशी पुन्हा विचारायची मुभा आहे. "बघू की, आपलंच हाय" यात यातलं काहीच नाही. आपुलकी भरपूर आणि तारीख नाही, असं उत्तर आलं की ते बहुतेक नाहीच.

खात्री करायची तर "हो का नाही ते सांगा" असं भिंतीला टेकवू नका. भिंतीला टेकलेला माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो आणि मग फोन उचलत नाही. त्यापेक्षा नकाराची वाट तुम्हीच मोकळी करून द्या: "दादा, तुम्हाला औंदा अडचण असंल तर मी दुसरीकडं बघतो, त्यात वाईट वाटायचं काई न्हाई." ज्याला द्यायचं आहे तो लगेच म्हणतो, "थांब की, कुठं जातो!" ज्याला द्यायचं नाही तो म्हणतो, "बघ, तुझं तू पण बघून ठेव." उत्तर मिळालं, मान दोघांचा राहिला.

सोयरिकीत 'कळवतो' ला मुदत नसली आणि आठ-पंधरा दिवस फोन नसला तर ते नाही समजतात. पुन्हा विचारायचं झालं तर मध्यस्थामार्फत विचारावं, मुलीच्या बापाने स्वतः फोन करू नये. मध्यस्थ असतो तो नकार अंगावर घेण्यासाठीच.

चहाला 'नको' म्हटलं तरी चहा येतोच. मग 'नको' चा उपयोग काय?

पहिला 'नको' उत्तर नसतोच. तुम्हाला त्रास नको, एवढंच त्यातून सांगायचं असतं. त्याला 'बरं' म्हणून गप्प बसणारा घरधनी कंजूष ठरतो. दुसऱ्यांदा आग्रह झाला की खरी माहिती सुरू होते, आणि ती कारणात शोधायची. "आत्ताच झाला" हे कारण कुणालाही, कुठेही चालतं, म्हणून ते पोकळ. अर्धा कप पुढे केला तर घेतला जाईल. "मला शुगर निघालीय" किंवा "चहा घेतला की छातीत जळजळतंय" हे अंगाला लागून असलेलं कारण. तिथे थांबावं, फार तर बिनसाखरेचा विचारावा.

पाहुणे म्हणून तुम्हाला खरोखरच नको असेल तर पहिल्याच वेळी नेमकं कारण द्या, आणि 'नको' च्या जागी दुसरं काही मागा: "पाणी द्या, थंडगार." मागितल्याने घराचा मान राहतो आणि आग्रह तिथेच थांबतो. जेवणाला हे चालत नाही. ताटावर बसल्यावर हात आडवा धरला तरी भाकरी पडते, त्याला उपाय नाही.

जाताना 'येतो' म्हणायचं, नारळ 'वाढवायचा', हे खोटं बोलणं नाही का?

नाही. बांगडी वाढली, दुकान वाढवलं, नारळ वाढवला, दिवा शांत केला. फुटणं, बंद होणं, विझणं हे शब्द तोंडातून नकोत म्हणून भाषेने ठेवलेल्या या सोयी आहेत. त्या आता ठरलेल्या वाक्प्रचारातच जमा झाल्यात. ऐकणारा काही अंदाज बांधत बसत नाही, म्हणून ग्राइसच्या हिशेबात त्या फारशा येत नाहीत.

"कुणीकडं?" असं विचारलं तर खरं सांगायचं का?

तो प्रश्न नाही, नमस्कार आहे. "हे काय, इथंच" पुरतं. सविस्तर सांगत बसलात तर विचारणाराच अवघडतो.

"पाच मिनिटांत आलो" म्हणजे किती वेळ?

निघायची तयारी चालू आहे, एवढंच. मराठीत 'आलो', 'निघालो', 'झालंच' ही भूतकाळाची रूपं लवकरच होणाऱ्या गोष्टीला सर्रास लावतात, आणि 'पाच', 'दहा-पाच', 'चार-दोन' हे आकडे मोजून सांगितलेले नसतात. गोल आकडा ऐकला की गोल अर्थ घ्यावा. कुणी "सत्तावीस मिनिटं" म्हणाला तर मात्र त्याने मोबाइलवर नकाशा बघितलाय.

उपाय सोपा आहे. वेळ विचारू नका, जागा विचारा. "कुठवर आलाव?" याला "आलोच की" हे उत्तर येतं, म्हणून तेही नको. "मांजरसुंबा ओलांडलं का?" असं विचारा. ठिकाणाचं नाव घेतल्यावर मोघम बोलायला जागा राहत नाही.

दवाखान्यात आणि कृषी केंद्रात गैरसमज का होतात?

दोन्हीकडे एकाला जास्त माहिती असते आणि दुसऱ्याला विचारायची लाज वाटते. डॉक्टर विचारतात, "गोळ्या घेतल्या ना?" पेशंट म्हणतो, "घेतल्या." एकदोन घेतल्या तरी हे खरंच आहे. पण डॉक्टर 'सगळ्या घेतल्या' असं ऐकतात आणि औषध लागू पडत नाही म्हणून बदलतात. प्रश्नातला 'ना' च होकार मागून घेतो. त्याऐवजी "पाकीट दाखवा" म्हणावं. पाच दिवसांच्या रोज दोन अशा दहा गोळ्या दिल्या आणि सहाव्या दिवशी पाकिटात चार उरल्या, तर दोन दिवसांचा डोस राहिला. त्यात रागवण्यासारखं काही नाही, मोजायचं फक्त. सून सासूबरोबर आली असेल तर "दुखतंय का?" याला "थोडं" एवढंच येतं. तेव्हा नर्सने तिला वजन करायला आत न्यावं आणि तिथे पुन्हा विचारावं.

कृषी केंद्रात दुकानदार म्हणतो, "पंपाला एक टोपण टाका." त्याच्या दृष्टीने उत्तर पुरेसं, कारण फवारणीचा पंप आणि औषधाच्या बाटलीचं टोपण दोन्ही त्याच्या डोळ्यासमोर आहेत. शेतकऱ्याच्या घरी पंप १५ लिटरचा आहे की २० चा, टोपण याच बाटलीचं की मागच्या हंगामातल्या दुसऱ्या बाटलीचं, हे कुणी बोललेलंच नाही. टोपणांची मापं कंपनीगणिक बदलतात. एक टोपण कमी पडलं तर कीड राहते, जास्त पडलं तर पान करपतं, आणि दोष औषधाला जातो. दुकानातून निघण्यापूर्वी तीन आकडे बाटलीवर पेनाने लिहून घ्या: पंप किती लिटरचा धरलाय, त्याला किती मिलिलिटर, एकराला किती पंप. मग ते लेबलाशी ताडून बघा. औषधासोबत येणारा मापाचा कप फेकू नका.

शिक्षकांनाही हेच लागू. "समजलं का?" याला वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. तो होकार समजल्याचा नसतो. "आता हेच गणित तू शेजारच्याला सांग" म्हटल्यावर खरं उत्तर मिळतं.

व्हॉट्सअॅपवर साधं बोलणंही का चिघळतं?

समोरासमोर एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला फार थोडा वेळ लागतो. २००९ मध्ये दहा भाषांवर झालेल्या अभ्यासात ही फट सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास निघाली. त्यामुळे उत्तराला जरा उशीर झाला तरी कान टवकारतात: नाही म्हणणार वाटतं. मोबाइलवर उशिराला असा काही अर्थ नसतो, माणूस रानात असेल, रेंज नसेल. पण आपण जुन्याच सवयीने तो वाचतो. निळ्या खुणा आल्या आणि उत्तर नाही, म्हणजे टाळतोय. लांबलचक मेसेजला 'ओके' किंवा नुसता अंगठा आला, म्हणजे रागावलाय. समोरासमोर याच 'बरं' च्या बरोबर आवाज असतो, मान हलते. पैशाचा, सोयरिकीचा आणि माफीचा विषय लिहून न करता फोनवर करावा.

आपल्याकडे असा विचार कुणी आधी केला होता का?

केला होता, आणि त्याचं एक गाजलेलं उदाहरण गोदाकाठचं आहे. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. त्या वंशातल्या हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांचा संग्रह आहे. त्यातली एक बाई फुलं तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते: महाराज, आता खुशाल फिरा. तुम्हाला त्रास देणारं ते कुत्रं मेलं. गोदावरीच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने आजच मारलं त्याला.

शब्द 'फिरा' असे आहेत. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाचं नाव ऐकल्यावर तिकडे पाऊलही टाकणार नाही, आणि तेच तिला हवंय. ती झाडी तिची प्रियकराला भेटायची जागा. परवानगीच्या शब्दांतून मनाई निघाली. काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त हीच गाथा उदाहरणाला घेतली आणि शब्दाच्या सरळ अर्थापलीकडच्या या अर्थाला ध्वनी म्हटलं. पुढे अकराव्या शतकात महिमभट्टाने हरकत घेतली: वेगळी शक्ती कशाला मानायची, हे तर साधं अनुमान आहे. ग्राइसचा कल महिमभट्टाच्या बाजूचा म्हणता येईल, कारण त्याच्या मते सुचवलेला अर्थ पायरीपायरीने हिशेब मांडून दाखवता आला पाहिजे. 'काव्यप्रकाश' लिहिणाऱ्या मम्मटाचं उदाहरण आणखी साधं: 'सूर्य मावळला'. गुराख्याला ते 'गुरं वळवा' असं ऐकू येतं, दुकानदाराला 'माल आवरा', संध्या करणाऱ्याला 'आसनावर बसा'.

ग्राइसवर टीका झाली का?

बरीच. मादागास्करमधल्या समाजाचा अभ्यास करून एलिनर कीनन यांनी १९७६ मध्ये दाखवलं की तिथे माहिती हातचं राखून देणं हीच रीत आहे, त्यामुळे कुणी कमी सांगितलं तर त्यावरून लोक फारसा अर्थ काढत नाहीत. जेफ्री लीच यांनी १९८३ मध्ये सौजन्याचं वेगळं तत्त्व जोडलं. वरचा 'नाही' चा सगळा प्रकार त्यात नीट बसतो. स्पर्बर आणि विल्सन यांनी १९८६ मध्ये चारांऐवजी संबंध या एकाच कल्पनेवर सगळं उभं केलं. आमच्या मते रोजच्या कामाला ग्राइसचे चारच सोयीचे, कारण बोलणं कुठे बिघडलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

समोरचा साथ देतोय हे गृहीत कुठे धरू नये?

जिथे दोघांचं हित वेगळं आहे तिथे. कोर्टात उलटतपासणीला, विमा विकणाऱ्यासमोर, आणि सगळ्यात जास्त जमीन घेताना.

"शेताला रस्ता हाय ना?" विकणारा म्हणतो, "बैलगाडी जाती की." गाडी खरंच जाते, तो खोटं बोललेला नाही. 'हक्काचा रस्ता आहे' हे तुम्ही स्वतः भरलं. गाडी शेजाऱ्याच्या बांधावरून, त्याच्या मर्जीने जात असते, आणि मालक बदलला की मर्जी संपते. "विहिरीला पाणी हाय?" "औंदा तर हाय." 'औंदा', म्हणजे यंदा, या शब्दाकडे लक्ष गेलं नाही तर ते तुमचं नुकसान. "वाद काही नाही ना?" "कोर्टात काई न्हाई." म्हणजे भावकीत असू शकतो.

इसार, म्हणजे व्यवहाराची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी उत्तरातला जादा शब्द पकडा आणि त्याच्यावरच पुढचा प्रश्न विचारा. रस्ता कुणाच्या गटातून जातो? गाव नकाशावर दाखवलाय का? उन्हाळ्यात, मे महिन्यात, विहिरीत किती परस (पुरुषभर उंचीचं माप) पाणी असतं? सातबाऱ्यावर आणखी कुणाची नावं आहेत, आणि सगळे सही करायला येणार आहेत का? "येतील की" असं उत्तर आलं तर इसार खिशातच ठेवा आणि त्या प्रत्येकाला एकेकटं भेटून या.